फटीसमोरची कॉफी

मी, कॉफीची रोपे वाढवून पोट भरलेली, वय एकाहत्तर, अविवाहित, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. जीव थाऱ्यावर नाही तो बाहेरच्या वाऱ्यामुळे.

१. घर व बँकेतील ठेव भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. पश्चिमेची खिडकी वाजते. तिला पाचर मारावी.

२. छाटणीच्या कात्र्या व फवारणीचा पंप मुकादमाला. पंप गळतो. त्यानेच पाडला होता, तेव्हा तक्रार करू नये.

३. भावाने आपल्या लॉजच्या खोल्यांतून दरी दिसावी म्हणून आमच्या सामाईक हद्दीवरची उंच झाडे तोडली. वर मलाच विचारले, "ताई, वारा काय कोणाच्या बापाचा आहे?" नाही. पण त्या फटीतून तो थेट माझ्या कोवळ्या रोपांवर येतो. पाने फाटतात, शेंडे करपतात, हलून हलून मातीलगतची साल सोलवटते; रोप जगले तरी खुजे राहते. काठ्यांना बांधून पाहिले. घट्ट बांधले तर खोड पोसत नाही, सैल बांधले तर गदागदा हलते. मला झोप नाही.

४. तरीही फटीसमोरची माझ्या जमिनीची पट्टी भावालाच. त्याला तिथे गाड्या उभ्या करायच्या आहेत. धाकट्याला रिकाम्या हाताने ठेवणार नाही, असा शब्द आईने माझ्याकडून घेतला होता. भाची म्हणाली, "आत्या, मग फट बुजवायला झाडं कुठे लावू?" मी पुढचे कलम लिहायला घेतले.

५. वरीलपैकी जे ज्याला पोहोचणार नाही, ते सर्व भाचीला.

६. सहीपूर्वी हे वाढवते. साक्षीला यायचे पोस्टमास्तर रस्त्यावर झाड पडल्याने अडकले. भाऊ इथेच बसला होता. म्हणाला, "आण, मी करतो."

वकिलांनी बजावले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तुमची पट्टी कलम पाचप्रमाणे तुमच्या मुलीकडे जाईल."

"ऐकलं. ताई, पट्टी मिळाली तर मी तिथे गाड्याच उभ्या करीन. मला मी चांगला ओळखतो."

"नीट विचार कर," मी म्हटले.

"विचार केला तर सही होणार नाही. पेन दे."

ठिकाण: रोपवाटिकेचे ऑफिस, दाराला आतून कडी
दिनांक: ७ मार्च, दुपारी

सही: थोरली बहीण
साक्षीदार पहिले: वकील
साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ, समजून-उमजून