पुन्हा या

६ डिसेंबर
आले एकदाची. चाकणच्या पुढं, कंपन्यांच्या शेडच्या गराड्यात हे हिरवंगार रिसॉर्ट एखाद्या नटव्या जावयासारखं बसलंय. माझा नवरा समाधान भोसरीत वर्कशॉपला, तो रविवारी येणार. मी आणि आमची तनू इथंच स्टाफच्या खोलीत. तनू सहा वर्षांची. आल्या आल्या हिरवळीवर कोलांटउड्या सुरू. माझं काम स्वागतकक्षात. मॅनेजर सुजित सरांनी एकच नियम पुन्हा पुन्हा बजावला: पाहुणा दारातून बाहेर पडताना हात जोडून 'पुन्हा या' म्हणायचं. मला हसूच आलं. मी परभणीची. आमच्याकडं निघालेल्या माणसाला कुणी 'जा' म्हणतं का?

९ डिसेंबर
शेजारच्या मैदानात हस्तकलेचा मेळा भरलाय. कारागीर आमच्या मागच्या खोल्यांत उतरलेत. त्यातल्या गोजाबाई गोधड्या शिवतात. म्हाताऱ्या आहेत, मागं-पुढं कुणी नाही. तनूला समोर बसवून सुईत दोरा ओवून घेतात. पोरीला आजी मिळाली आणि मला फुकटात पाळणाघर.

१३ डिसेंबर
गोजाबाई गेल्या. दुपारी गोधडी शिवता शिवताच. डॉक्टर म्हणाले, हृदय. फार वाईट वाटलं. तनूला काय सांगावं कळेना.

मागच्या दाराशी टेम्पो अडकलेला, म्हणून त्यांना पुढच्या दारानं नेलं. मी काउंटरवर उभी होते, डोळे भरलेले. सवयीनं हात जोडले गेले आणि तोंडातून निघालं, "पुन्हा या."

मेळ्यातली एक बाई वळून माझ्याकडं बघतच राहिली. मौतीच्या घरातून निघताना माणूस साधं 'येतो' म्हणत नाही. आणि मी प्रेताला या म्हटलं.

१५ डिसेंबर
दिवेलागणीला लॉबीतल्या सोफ्यावर गोजाबाई दिसल्या. तेच जांभळं लुगडं. डोळे चोळले तर सोफा रिकामा. दमलेय, दुसरं काय. पण काचेचं दार आपोआप हललं, आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच. माझ्या जिभेला हाड नाही, आई म्हणायची ते खरं आहे.

१६ डिसेंबर
आजही आल्या. मीच बोलावते. तनूचे हात गार पडलेत. म्हणाली, आजीला एकटीला करमत नाही, ती मला चल म्हणते. कुठं, विचारलं तर दाराकडं बोट केलं.

१८ डिसेंबर
हे रिसॉर्ट ज्यांच्या शेतावर उभं आहे त्या अंबुबाई, मालकांच्या आई, आज आल्या होत्या. न राहवून त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या हळूच म्हणाल्या, "तूच बोलावलंस व्हय? मग तूच वाटंला लाव. तोंडाकडं बघू नगंस. मुंडी खाली घाल अन् म्हन, जा, परत यिऊ नगंस. न्हाईतर ती एकली जानार न्हाई."

मेलेल्या का होईना, म्हाताऱ्या माणसाला असं हाकलायचं. रडू आलं. पण तनूसाठी म्हणेन.

१९ डिसेंबर
जमलं नाही. दार हललं, आणि शेवटी 'या'च निघालं. तनू जेवत नाही. खिडकीत बसून आहे. समाधानला फोन केला. उद्या शिफ्ट सुटली की येतो म्हणाला.

२० डिसेंबर, संध्याकाळ
म्हटलं.

मान खाली. पावलं माझ्या समोरून गेली. दार उघडलं. मी स्पष्ट म्हटलं — जा. परत येऊ नकोस.

मान वर केली तर गोजाबाई सोफ्यावर. तशाच बसलेल्या.

मग बाहेर कोण —

खोलीत तनू नाही. तिच्या चपला नाहीत.

सगळे शोधायला गेलेत. समाधान पण. मला इथंच बसवलंय, फोन आला तर उचलायला. नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय. सोफा आता रिकामा आहे. दोघी —

नाही.

पायरीवर पावलं. लहान. तिचीच. दाराबाहेर थांबली आहे. विचारतेय, आई, आत येऊ का.

आवाज तिचाच. पण तनू कधी विचारून आत आली नाही.

पुन्हा विचारतेय. ये म्हणायचंय मला. माझी पोर आहे ती, कशीही असली तरी — पण मी ये म्हटलं आणि ती जर —