बाच्या डाव्या हाताचा ठेका

प्रिय शकुनताई,

तू पाठवलेला बाच्या बोटांचा आवाज पोचला. खाटेच्या लाकडावर टकटक, अन् मागून तुझी बडबड: "ऐक बरं अश्विन, बा काय मागून राहिला ते सांग. पाणी देऊन पाह्यलं, चाय देऊन पाह्यली, कूस बदलून पाह्यली." लकव्यानं बाची वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरला तो डावा हात, अन् तो काय म्हणते ते तुले समजेना. सात बुकं शिकलेल्या मले ते समजंल असं तुले काहून वाटलं, माहीत नाही. पण तू विचारलं म्हणून सांगतो. फोनवर नाही सांगत. भातकुलीले फोन लावला की माय स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही, अन् तुले एकटीले लावला तर माझं तोंड उघडंल असं वाटत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या अकोल्याच्या पत्त्यावर टाकून राहिलो. रविवारी भातकुलीले जाशील ते वाचून जा, सोबत नेऊ नको.

मी कुठं टिकत नाही म्हणून तू नेहमी बोलते. खरं आहे. सुरतेचा लूम सोडला, पुण्याची बिगारी सोडली, आता बंगलोरले लग्नाच्या हॉलांवर साऊंडचे डबे उचलतो. इथं मात्र मन लागलं होतं. आमच्या ऑपरेटरनं त्याचा जुना लॅपटॉप मले दिला. बॅटरी मेलेली, वायर हलली की बंद. त्यात त्यानं एक ड्रम सिंथेसायझर टाकून दिला. प्लगइन म्हणतात त्याले, म्हणजे गाणं बनवायच्या मोठ्या सॉफ्टवेअरात बसवायचा सुटा भाग. त्यात कोणी वाजवलेला ढोल भरून ठेवलेला नसते. आवाज आपणच उभा करावा लागते. एक सूर घ्यायचा, ठोका पडल्यावर तो किती झपकन खाली घसरंल ते बटण फिरवून ठरवायचं, वरून थोडी खरखर टाकायची, किती वेळ घुमंल ते पाहायचं. असे कितीक आवाज एकाखाली एक मांडता येतात, अन् एकेक ठोका पट्टीवर बोटभर मागंपुढं सरकवता येते. काम सुटलं की मी तेच करत बसतो.

विकतचे पण पाहून ठेवले होते. ते ट्रायल म्हणून देतात अन् मधातच आवाज कापतात, म्हणजे माणसानं कंटाळून पैसे भरावे. याचं तसं नाही. याच्या इंटरनेटवरल्या पानावर किमतीच्या जागी रिकामी चौकट आहे. मनाले येईल तो आकडा टाका, शून्य टाकला तरी उतरते. आतला कोडही उघडा ठेवला आहे, ज्याले समजते त्यानं दुरुस्त करावा अन् पुढच्याले द्यावा. मले पटलंच नाही. ऑपरेटरले म्हटलं, यात काही झोल असंल. तो म्हणे, "तुझे मुफ्त में कोई पानी भी दे तो तू सूँघ के पिएगा." ती चौकट पाहून मले बा आठवला. लग्नाची सुपारी तो गावातल्या बड्या खुशालरावांशी सुद्धा भांडून ठरवायचा, पण मयतीले डफडं वाजवायचा भाव त्यानं कधी सांगितला नाही. दिलं ते घेतलं, नाही दिलं तर तसाच घरी आला. मायनं किती डोकं फोडलं त्याच्यापुढं. तो म्हणे, रडत्या माणसाले काय भाव सांगू.

मग मी त्या मशीनवर बाचं डफडंच बनवायले घेतलं. पयले तर नुसता डबा वाजे. मग ध्यानात आलं, बा चामडं जाळावर शेकून घ्यायचा. तापलं की कडक बोलायचं, अन् वरात अर्ध्यात गेली की थंडावून बसायचं. म्हणून सूर वर चढवला, घसरण कमी केली, घुमणं जवळपास बंद. एक दिवस बरोबर बोललं. रूमवरची पोरं म्हणे, हे काय, ताट आपटून राहिला का. मी हसलो. बाले ऐकवायचं होतं. मग तुझा फोन आला, बा अंगणात पडला म्हणून.

आता तुझ्या रेकॉर्डिंगचं सांगतो. ते मी मशीनमधी डफड्याच्या वर ठेवलं. डफडं दोन हातांचं काम आहे. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. ठेका कोणता ते उजवा हात सांगते; काडीची किटकिट सगळ्यात सारखीच वाटते. म्हणून तुले ओळखू आलं नाही. मी त्याच्या खाली वरातीचा उजवा हात लावून पाह्यला. बसला नाही. पोळ्याचा लावला, थोडा चालला अन् अडखळला. कारण बाचा हात चालता चालता थांबते. तू मागून म्हणते, "थकला बिचारा." ताई, थकलेला माणूस कुठंही थांबते. बा दर खेपेले त्याच जागी थांबून राहिला.

त्या जागी खांदा बदलतात. मयतीच्या ठेक्यात तेवढ्यापुरतं डफडं गप्प राहते, लोक तिरडी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतात, मग डफडं पुन्हा चालू. घरात हा ठेका बोटानं सुद्धा वाजवायचा नाही असं बाचंच सांगणं, अन् आता माय उशाशी बसली असताना तोच हा वाजवून राहिला. त्याले पाणी नको आहे. गावातल्या सगळ्यांच्या तिरडीपुढं तो वाजवत चालला. त्याच्या पुढं चालणारं कोणी उरलं नाही, हे त्याले माहीत आहे. मी मशीनवर उजवा हात भरून ठेका पुरा केला होता, तुले पाठवणारच होतो. पण स्पीकर लावून बाले कसं नेऊ आपण? मी ते पुसून टाकलं. सुट्टी दिली नाही म्हणून कामही सोडलं. मायले सांग, अश्विनचं तिथं पटलं नाही, घरी यायले निघाला. तिचा लगेच विश्वास बसंल. अन् बाचा हात चालू झाला की आता गिलास पुढं करू नको. वाजवू दे त्याले. फक्त त्याच्या उजव्या अंगाले कोणाले बसू देऊ नको, तिथं मी येऊन बसतो.

तुझाच लहाना,
अश्विन