न उडवलेली अठ्ठावीस बोअर

अप्पा, ती बंदूक परत झाली. "अशी आता परत होणे नाही," असं तुम्ही म्हणाला होतात, तेव्हा तिचे सगळे सुटे भाग दुकानातल्या बाकड्यावर जुन्या धोतराच्या फडक्यावर मांडलेले होते. कोल्हापुरातल्या एका निवृत्त न्यायाधीशांची ती अमेरिकन दुनळी. खटका अडकतो एवढीच त्यांची तक्रार होती. काम अर्ध्या दिवसाचं, पण तुम्ही ती बरेच दिवस ठेवून घेतलीत. त्यांचा माणूस विचारायला आला की तुम्ही शांतपणे सांगायचात, "स्प्रिंग यायचीय मुंबईहून." स्प्रिंग कधीच बसवून झालेली होती. मी शाळेतून थेट दुकानात यायचे, दप्तर काउंटरखाली सरकवायचे, आणि तुम्ही मला एकेक भाग हातात देऊन परत जागेवर ठेवायला लावायचात. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, कोरीवकाम करणारे गेले, असं तुम्ही सांगत होतात, आणि सुतकातला माणूस बोलतो तसा तुमचा आवाज झाला होता.

तर तुम्ही हयात असतानाच जपानमध्ये काही कारागिरांनी ती जशीच्या तशी पुन्हा बनवली. तुम्हांला ते कळलं नाही, मलाही कळलं नाही. इतकी जशीच्या तशी, की जुनीचा खटका काढून नवीत घातला तर तो बसतो म्हणतात. थोडी वर्षंच हे काम चाललं आणि मग तेही थांबलं, त्यामुळे आता ह्या प्रतीसुद्धा दुर्मिळ झाल्या आहेत. अशा तीन माझ्याकडे आहेत. इथे हॉलंडात, फोरबर्गला आमच्या घराच्या वरच्या खोलीत भिंतीला ठोकलेली तिजोरी आहे, त्यात त्या उभ्या असतात. तुमचे जावई त्यांना "तुझ्या माहेरचं लोखंड" म्हणतात. चौथी गेल्या हिवाळ्यात आली. अठ्ठावीस बोअरची, म्हणजे अगदी बारीक नळीची, मनगटाएवढ्या दस्त्याची, चामड्याच्या पेटीत नळ्यांच्या दोन जोड्या असलेली. आणि ती कोणी एकदाही उडवलेली नाही. आज गुरुवार आहे आणि शनिवारपर्यंत मला तिचं काय करायचं ते ठरवायचं आहे. सकाळपासून मी वर जाते, तिजोरी उघडते, तिच्यावरून हात फिरवते, पुन्हा बंद करून खाली येते. एका मासिकाला लेख द्यायचा आहे, तो उघडून बसले आणि हेच लिहायला लागले.

ज्यांच्याकडून घेतली ते आजोबा पूर्वेकडे, जंगलाच्या कडेला एकटे राहतात. परवाना आता पुढे चालू ठेवणार नव्हते. त्यांनी पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली, कॉफी दिली, सोबत एकच बिस्किट दिलं आणि बिस्किटांचा डबा बंद करून फळीवर ठेवला. मग पेटी उघडली. नळ्या जिथे बिजागरीला येऊन टेकतात तो पोलादी भाग तुम्हांला दाखवायला हवा होता अप्पा. नव्या बंदुकीवर भट्टीतून निघताना जे निळे-जांभळे-तपकिरी ढग उमटतात ना, जे तुम्ही फक्त दस्त्याखाली झाकल्या गेलेल्या जागी पाहिले होते आणि मला बॅटरी मारून दाखवले होते, ते इथे सगळीकडे तसेच ताजे. उन्हात ठेवली तर उडतात, म्हणून आजोबांनी पडदा ओढून घेतला होता. मी विचारलं, कधीच का नाही उडवली. म्हणाले, "आज नको, उद्या, असं करत राहिलो. आता हात थरथरतात." एवढंच. मग कागदपत्रांचं बोलणं झालं.

संग्राहकांच्या जगात न उडवलेली आणि दोनदा उडवलेली ह्यांत फार मोठं अंतर असतं. बार काढला की काडतुसाच्या पितळेचं एक बारीक वर्तुळ त्या पोलादी तोंडावर उमटतं. पुसलं तरी जाणकाराला दिसतं. ॲन्टवर्पचे एक गृहस्थ आहेत, अशाच प्रतींचे संग्राहक. त्यांच्याकडे ह्या मालिकेतल्या बाकी सगळ्या आहेत आणि एवढीच नाही. आजोबांनी मला दिली हे कळल्यापासून त्यांचे फोन चालू आहेत; शनिवारी काय ते सांगते, असं मी म्हटलंय. अतिशय सभ्य माणूस. दर वेळी आधी माझी तब्येत विचारतात, मग बंदुकीची.

आणि काल तपासणीला पोलीस आला. इथे अधूनमधून येतात, तिजोरी भिंतीला पक्की आहे का पाहतात, बंदुकांचे क्रमांक परवान्याशी ताडून बघतात. तुमच्याकडे तपासणीला फौजदार यायचे तेव्हा शेजारच्या कापडवाल्याकडून खुर्ची मागवावी लागायची, चहा व्हायचा. हा तरुण मुलगा सायकलवरून आला, बूट दारात काढू का म्हणून विचारलं. सगळं तपासून झाल्यावर त्याने अठ्ठावीस बोअरकडे बोट केलं. ही कुठल्या क्लबवर नेता म्हणाला. मी म्हटलं, ही नेत नाही. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मेफ्राउ," म्हणजे बाईसाहेब, "ही वापरायला आहे की बघायला?"

प्रश्न साधा होता. माझा परवाना नेमबाजीचा आहे, मातीच्या तबकड्या उडवण्याचा. नुसता संग्रह करायचा तर त्याची परवानगी वेगळी आणि ती मिळणं फार अवघड. नेमबाजीच्या परवान्यावर घेतलेली बंदूक मैदानावर जायला हवी. त्याने धमकी दिली नाही. पुढच्या खेपेला ती नेल्याची क्लबची नोंद दिसली तर बरं होईल, असं म्हणाला, आणि सायकलला कुलूप लावलेलं होतं ते काढून गेला. म्हणजे उडवायची, नाहीतर ॲन्टवर्पला द्यायची. ठेवून घ्यायची आणि तशीच ठेवायची, हे जमणार नाही. लेकीला सांगितलं तर तिने लॅपटॉपवरून मान वर न करता निकाल दिला. "जस्ट शूट इट, आई. इट्स नॉट अ व्हाज." फुलदाणी नाही म्हणे. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर कधी त्यात देत नाही. जावई तुमचे म्हणाले, देऊन टाक, माहेरचं लोखंड थोडं कमी होईल.

मला मात्र तुम्हांला विचारायचं आहे, आणि विचारायला भीती वाटते, कारण प्रती म्हटलं की तुमचं काय व्हायचं ते मी पाहिलेलं आहे. कागलकडचे एक पाटील बंदूक घेऊन आले होते. नळीवर इंग्लंडच्या मोठ्या कारखान्याचं नाव कोरलेलं. मी तेव्हा आठवीत असेन, नवीन नवीन इंग्रजी वाचता येत होतं, मी ते नाव मोठ्याने वाचलं आणि पाटलांना म्हटलं, काका, ही तर लंडनची आहे. पाटील खूश झाले. तुम्ही बंदूक उघडली, बंद केली, त्यांच्या हातात परत दिलीत आणि हे काम आमच्याकडे होणार नाही म्हणालात. ते गेल्यावर माझ्याकडे वळलात. "काय लिहिलंय ते मलाबी दिसतंय. वाचता येतंय म्हणून वळखता येतंय असं न्हाई, बाळ." नाव दुसऱ्याचं कोरायचं आणि आपलं दडवायचं ह्याला तुमच्याकडे एकच शब्द होता, आणि तो तुम्ही माझ्यासमोर उच्चारत नव्हतात, नुसतं "नकली" म्हणून थांबत होतात. त्या दिवशी तुम्ही दुपारचा डबाही नीट खाल्ला नाहीत.

म्हणून सांगते, ह्या बंदुकांवर तसं नाही. नळ्या उतरवल्या की खालच्या सपाट भागावर स्पष्ट लिहिलेलं आहे की ही जपानमध्ये बनली. वरती जुन्या कंपनीचं नाव आहे, तेही रीतसर परवानगी घेऊन. कोणी कोणाला फसवत नाही. हे मी तुम्हांला मनातल्या मनात कितीदा समजावलं आहे. मंडईत कांदे घेताना, ट्राममध्ये, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना. तुम्ही दर वेळी नुसतं ऐकून घेता. तुमच्याकडे वादाची पद्धतच नव्हती. बंदुकीबद्दल कोणी फार बोलायला लागलं की तुम्ही ती कॅनव्हासच्या पिशवीत घालून स्कूटरला बांधायचात आणि रविवारी सकाळी खाणीवर न्यायचात. फळीवर जुन्या पेपरचं पान टाचणीने लावायचं, बार काढायचा, आणि मग दोघांनी जवळ जाऊन छर्रे कसे पसरलेत ते पाहायचं. तुम्ही पान उजेडाकडे धरून बघायचात. ठीक असेल तर घडी करून खिशात, नसेल तर चुरगाळून टाकायचात. गिऱ्हाइकाला त्याहून जास्त काही सांगितलेलं मी ऐकलं नाही.

घरी आल्यावर खरी गंमत. आई स्वयंपाकघरात, स्टोव्हवर तुम्ही पातेलंभर पाणी उकळत ठेवलेलं. नळ्यांच्या तोंडाशी नरसाळं लावून त्यातून ते उकळतं पाणी ओतायचं, म्हणजे आतला सगळा मळ निघतो आणि पोलाद इतकं तापतं की आपोआप कोरडं होतं. तुम्ही टॉवेलात धरून उभे, मी नरसाळं धरून, आणि मोरीत काळं पाणी जातं आहे, बारुदाचा आणि फोडणीचा वास एक झाला आहे. आई दारात उभी राहून विचारते, "झालं का न्हाऊन तिचं? आता ह्याच पातेल्यात बासुंदी करू का मी?" तुम्ही म्हणता, "कर की. चव येईल." आई त्यानंतर ते पातेलं वेगळंच ठेवायला लागली, आणि तुम्ही गेल्यावरही तिने ते मोडीत दिलं नाही.

इथे शिशाचे छर्रे चालत नाहीत, जमिनीत आणि पाण्यात विष जातं म्हणून. पोलादाचे वापरायचे. पण पोलादाचा छर्रा कडक, ह्या जुन्या धाटणीच्या नळीला ओरखडे पाडेल, म्हणून मी बिस्मथ नावाच्या मऊ धातूचे छर्रे असलेली काडतुसं मागवली. अठ्ठावीस बोअरची मिळायला वेळ लागला. हे लिहिताना लक्षात येतं आहे की पोलीस काल आला आणि काडतुसं मी महिन्यापूर्वी मागवली होती. घरात कोणाला बोलले नाही. लेख बाजूला पडलाय, आता तो पूर्ण करते.

आज शनिवार. मी जाऊन आले.

क्लब पोल्डरमध्ये, पाणी उपसून काढलेल्या जमिनीवर आहे, चारी बाजूंनी सपाट गवत आणि कालवे, वारा आडवा. हॉलंडमध्ये वारा कुठे नसतो. ओळखीचे दोघेतिघे पेटी पाहून जवळ आले. एक म्हातारे सदस्य म्हणाले, "ही तू खरंच उडवणार?" त्यांच्या बोलण्यात विनवणी होती. मी काडतुसं घातली. बंद करताना तो आवाज आला अप्पा, चांगल्या कपाटाचं दार लागतं तसा, त्या न्यायाधीशांच्या बंदुकीचा होता तोच. तबकडी सोडायला सांगितली. पहिली न फुटताच गेली, बार हवेत कुठेतरी. दुसरी फुटली. खांद्याला काहीच लागलं नाही. उघडून पाहिलं, तर पोलादावर दोन बारीक वर्तुळं होती. मला वाटलं होतं काळजात चर्र होईल. तसं झालं नाही. मी बंदूक उघडी ठेवून कॉफी घ्यायला आत आले. क्लबची नोंद झाली होती. पोलिसाला एवढं पुरलं असतं.

तेवढ्यात ॲन्टवर्पचा फोन. तब्येत विचारून झाली. मी सांगितलं, उडवली. त्यांनी अगदी हळू विचारलं, "किती?" आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, एक-दोन बार असतील तर चालेल, त्यांना तरीही हवी आहे, ते सोमवारी बघायला येतात. मला त्यांचा राग यायचं काही कारण नव्हतं. चांगल्या जागी गेली असती, पडदा ओढलेल्या खोलीत, माझ्यापेक्षा नीट जपली असती. मी म्हटलं, "काडतुसांचा अख्खा डबा उडवला." ते म्हणाले, "अच्छा," किंवा त्यांच्या भाषेत जे म्हणतात ते, आणि काळजी घ्या म्हणून फोन ठेवला.

तुम्ही असतात तर हे पत्र तुम्हांला पाठवलं असतं का, माहीत नाही. तुमच्या उत्तराची वाट पाहते असं गुरुवारी वाटत होतं, पण वाट पाहिली नाही हे तुम्हांला दिसलंच आहे. फक्त एक राहिलं. फोनवर बोलले तेव्हा डबा जवळजवळ भरलेला होता. दोनच काडतुसं गेली होती. मी कॉफी तशीच टेबलावर टाकून बाहेर गेले आणि बाकीची सगळी उडवून आले.