दादांच्या हॅटमधले आठ दाणे

रेवदंडा,
१ नोव्हेंबर १९५७

तीर्थस्वरूप दादांस,

विश्वंभरचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक आहे, म्हणजे माझा गुडघा सुजला आहे, सुपारी गळाली आहे आणि श्यामला चार दिवस माझ्याशी फक्त कामापुरते बोलते, बाकी क्षेम. तुमचा दमा आणि वहिनींचे दात पुण्याच्या थंडीत कसे आहेत ते कळवावे.

माझ्या टोप्यांच्या नादाला घरात तुम्ही एकटेच कधी हसला नाहीत, म्हणून हे तुम्हालाच लिहितो. (श्यामला त्या खोलीला ‘बिनमुंडक्यांची पलटण’ म्हणते.) लढाईहून आलेल्या टोप्या आजवर नऊ जमल्या. पहिला लोखंडी टोप मनुबाई कोळणीकडे सापडला, त्यात ती जवळा मोजून विकायची. तो मी पितळी मापाच्या बदल्यात आणला, तर आता गिऱ्हाइके म्हणतात, नव्या मापात जवळा कमी बसतो, आणि शिव्या मला. प्रत्येक टोपीखाली मालकाचे नाव, गाव आणि आघाडी अशी चिठ्ठी लावायची हा माझा नेम. आठ चिठ्ठ्यांसाठी मी पार माणगावपर्यंत पायपीट केली. नववी मात्र बसल्या जागी लिहिली: ‘दादा. ब्रह्मदेश.’ एका बाजूची कड वर वळवलेली ती फेल्टची हॅट, सेहेचाळीस साली तुम्ही स्वतःच्या हाताने मला दिलेली.

पावसाळ्यात टोप्यांना बुरशी येते, म्हणून दसऱ्यानंतर त्या अंगणात उन्हाला घातल्या. तुमच्या हॅटचे अस्तर उसवले आणि आतून हिरव्या खणात शिवलेली बोराएवढी पुडी पडली. मी म्हटले, काकूंनी तुमच्यासाठी, आपल्या लेकासाठी शिवली असणार. श्यामला म्हणाली, काकूंनी जन्मात सुईत दोरा ओवला नाही. तेवढ्यात आमच्या वाडीत शिंपणे करणारी रंगू पुढे आली, पुडी कपाळाला लावून म्हणाली, “गुरुजी, ही आमच्या वाघजाईची पुडी हाय. उसवू नका.” रंगू म्हसळ्याच्या वरच्या अंगाची. तिच्या गावात माणूस लढाईला निघाला की बायको आपल्या खणाच्या तुकड्यात देवीचा अंगारा आणि तांदळाचे सात दाणे बांधून त्याला देते आणि टोपीत शिवून घ्यायला लावते, म्हणजे तो घरची वाट चुकत नाही. आता ही पुडी तुमच्या टोपीत कशी? वहिनींनी तर म्हसळा नकाशातसुद्धा पाहिलेला नाही. शेवटी तर्क बांधला की कुणा सोबत्याने जीव लावून आपली टोपी तुम्हाला घातली असावी, आणि मोठेपणा नको म्हणून तुम्ही बोलला नाहीत. (हे तुमच्या स्वभावात कसे बसवायचे, यावर मी बोटीत खूप विचार केला.)

हॅट घेऊन रंगूच्या गावाला निघालो: दोन खाड्या तरीच्या बोटीने, मग एस. टी., मग चढण, गुडघा तिथलाच. देवळापुढे गाव जमले. त्या गावातून चौदा जण गेले, अकरा परत आले, आणि अकराही जणांची टोपी कुठे ना कुठे हरवलेली! प्रत्येकाने हॅट घालून पाहिली. चौघांना अगदी बेताची बसली, दोघांच्या नाकावर आली, एकाने काढूनच दिली नाही. वाद मिटावा म्हणून मी तुमची हकीकत सांगितली, हातवाऱ्यांसकट: खंदकात सहा जण, वरून तोफेचा गोळा, पाच जण जागच्या जागी संपले, एकटे दादा बाहेर आले, हॅटला तेवढे किरचीचे भोक. गाव चिडीचूप. मला वाटले, रंग भरला.

मग मागून एक बाई पुढे आली. ठमाबाई. तिचा नवरा कोंडाजी चव्वेचाळीस साली बेपत्ता झाला, एवढाच कागद सरकारातून आलेला. गाव तेरा वर्षे सांगते आहे, कुंकू पूस. ती पुसत नाही. ती म्हणाली, “समद्यांनी सात घातलं. मी आठ. येक दाना जास्तीचा, परत येताना भूक लागंल म्हनून. आता उसवा.”

मी उसवली. आठ होते, दादा. मी तीनदा मोजले, गावाने दोनदा.

“टोपी हितं आली,” ती म्हणाली, “मंग डोकं कुटं हाय?”

इतकी वर्षे टोप्यांचे मालक शोधत हिंडलो, पण असा मालक सापडू नये असे पहिल्यांदाच वाटले. कसेबसे म्हटले, दादांना ठाऊक असेल. त्यावर ती गाठोडे बांधून माझ्याबरोबरच निघाली. चार दिवस आमच्या पडवीत आहे, टोपी मांडीवर घेऊन तांदूळ निवडते. (म्हणूनच श्यामला बोलत नाही, भर गावात बाईच्या नवऱ्याला गोळ्याखाली घालून आलात, म्हणते.) तरी त्या पाच जणांत कोंडाजी होता का, ते नीट आठवून लिहावे. उंच, डाव्या भुवईवर विळ्याची खूण. वहिनींस नमस्कार.

आपला,
विश्वंभर

ता. क. श्यामलाने तुमची जुनी पत्रे काढली आहेत. चव्वेचाळीस सालची बाराही पत्रे पुण्याचीच निघाली. एकात तर पानभर महागलेली वांगी आहेत. शिवाय हॅटचे भोक किरचीचे नसून कसरीचे आहे, असे तिचे म्हणणे. मी तिला गप्प केले आणि मग स्वतःच भिंग घेऊन बसलो. कडा कुरतडलेल्या आहेत.

ता. क. २. दादा, अकरा वर्षे मी तुमची ती हकीकत वर्गात पोरांना सांगत आलो, ऊर भरून. आता हात जोडून मागतो, ती खोटी असू द्या. हॅट तुम्ही जुन्या बाजारात घेतली असेल तर तसे स्वच्छ लिहा. म्हणजे कोंडाजीने स्वतःच ती कुठे विकली असेल, कुठे विसरला असेल, असे मानायला जागा राहील. विकणाऱ्याचा पत्ता द्या, मी आहे तसा गुडघा घेऊन पुण्याला येतो. वहिनींना यातले अक्षर कळणार नाही.

ता. क. ३. वरचे सगळे ठमाबाईला वाचून दाखवले. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि लगेच वाघजाईला पाच नारळांचा नवस बोलली: तुम्ही लबाड निघावेत म्हणून.