तिसरा पुकारा

मंगळवार, दि. १४
जेवणाची सुट्टी

ती. ताई,

नमस्कार. सात महिन्यांनी माझं अक्षर बघून पाकीट फाडावंसं वाटेल तुला. खुशाल फाड, पण वाचून फाड.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण त्यासाठी कोर्टाचे जिने काही कमी होत नाहीत. लेकीला नववा लागला. तिला रोज काहीतरी आंबट लागतं आणि मी आणलेलं एकही पुरेसं आंबट नसतं. तू दिलेली कुंडी अजून जिवंत आहे. माझ्या हातून तेवढं एक जगलं म्हणायचं.

बरं, आता मुद्द्याचं. म्हणजे मुद्द्याच्या जरा अलीकडचं. हसू नकोस.

बावीस वर्षं मी कोर्टाच्या दारात उभी राहून नावं पुकारते. प्रत्येक प्रकरणाला तीनदा. तिसऱ्यालाही कुणी ओ दिली नाही, की साहेब 'अर्जदार गैरहजर' लिहून प्रकरण काढून टाकतात. हे काम मी झोपेतही करीन. पण गेले चार महिने मी एखादं नाव घेतलं आणि व्हरांड्यात कुणी नसलं, तरी ओ येते.

"आहे, आहे, आले!"

पहिल्यांदा ती जिन्याच्या तळाशी आली. मी वाकून पाहिलं, जिना रिकामा. कुणीतरी थट्टा करतंय म्हणून मी दोन शिव्याही घातल्या. पुढच्या आठवड्यात ती पाण्याच्या टाकीपाशी आली. मग बाकाजवळ. एकदा तर आत साहेबांनी मान वर केली आणि म्हणाले, "आलेत ना? मग पाठवा आत." कारकुनाने कागदावर 'हजर' लिहूनही टाकलं. मी बाहेर गेले, तर बाकावर चिटपाखरू नाही. कारकुनाला लिहिलेलं खोडावं लागलं. तेव्हापासून तो माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतो. काल ती ओ माझ्या कानाशी आली, ताई. मशीनच्या तेलाचा आणि शिंप्याच्या खडूचा वास आला. माझी पाचावर धारण बसली.

तो आवाज कुणाचा, हे तुला सांगायला नको. 'आहे' दोनदा म्हणून मग 'आले' म्हणणारी तुमच्या शिवणकारखान्यात एकच होती. भोंगाकाकू.

आठवतं ना, त्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर तू आणि ती शेजारी शेजारी बसला होतात? वकीलबाई दुसऱ्या कोर्टात अडकल्या होत्या. नाव पुकारलं की मला बोलवा, असं सांगून गेल्या होत्या. अडतीस जणींच्या सह्यांचा तुमचा अर्ज होता. कामाची पाळी चालू असताना दार बाहेरून लावायचं नाही, आणि तेही फक्त तुमच्याच नाही, गावात जिथे जिथे बायका कामाला आहेत त्या सगळ्या कारखान्यांत. लघवीला जाऊन वेळ काढतील म्हणून माणसांना कोंडून ठेवायचं! मीच तुला म्हणाले होते, "ताई, पहिलं नाव तुझं घाल. तू घाबरत नाहीस."

अर्ज काढून टाकला तेव्हा तू धावत आलीस, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तीनदा पुकारलं. तुझे कानच गेलेत त्या मशिनींपायी." तू कानाला हात लावलास. माझ्यावर विश्वास ठेवलास. सगळ्याजणी तुला बोलल्या. दुसऱ्या दिवशी तू कानाच्या डॉक्टरकडे गेलीस, हे मला कळलं होतं.

भोंगाकाकूने मात्र ऐकून घेतलं नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पुकारलंच नाही! माझे कान काय गहाण पडलेत? पुढच्या वेळी कुणाचंही नाव येऊ दे, मी ओ देणार. बघते मग कसं गैरहजर लिहिता!" सगळे हसले. मीही हसले, ताई.

आता लिहिते.

आदल्या संध्याकाळी जावई घरी आले होते. तुमच्या दाराची किल्ली त्यांच्या कमरेला असते, हे तू जाणतेसच. म्हणाले, "आई, हा हुकूम निघाला तर मालक पहिला मला काढणार. तुमच्या लेकीला दिवस गेलेत. तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही, फक्त हळू बोला." लेक आत होती, तिच्या कानावर काही नव्हतं.

आणि मी हळू बोलले. दाराबाहेर पाऊलही टाकलं नाही. भिंतीकडे तोंड करून, झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं तेवढ्या आवाजात दोनदा तुझं नाव घेतलं. तिसऱ्यांदा ओठसुद्धा हलवले नाहीत. आत जाऊन म्हणाले, "कुणी नाही, साहेब." कुंपणानेच शेत खाल्लं.

तुझे कान शाबूत आहेत, ताई.

त्यानंतर तीन महिन्यांनी भोंगाकाकूच्या छातीत कळ आली. तुम्ही दार बडवत होतात आणि किल्ली जेवायला गेली होती. एवढा तो तिचा आवाज, पण कुणाला ऐकू गेला नाही. ती गेली, आणि तेराव्या दिवशी मला जिन्यात पहिली ओ ऐकू आली.

गुरुवारी तुमचा अर्ज पुन्हा चालवायचा की नाही, ते ठरणार आहे. तुझे कान अधू आहेत, एवढंच वकीलबाईंच्या हातात होतं. त्यावर साहेब काही बधले नसते. काल मी वकीलबाईंकडे प्रतिज्ञापत्र दिलं. जे इथे लिहिलं, तेच तिथे लिहिलंय, जावयासकट. वकीलबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "नोकरी जाईल. कदाचित गुन्हाही नोंदवतील." मी म्हटलं, "होऊ दे."

लेकीला आज सकाळी सांगितलं. मला वाटलं, घर डोक्यावर घेईल. तिने पोटावर हात ठेवला. मग एवढंच विचारलं, "मावशी आजही त्या दाराच्या आतच आहे ना?"

सही केल्यापासून ओ यायची थांबली आहे. आज अकरा नावं पुकारली, चार जण आले नाहीत, आणि व्हरांडा गप्प. सुटलीस बाई, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तो गप्पपणा रिकामा नाही गं. कुणीतरी श्वास धरून बसावं तसा आहे. तिला आता एकच नाव ऐकायचंय.

वकीलबाई माझा कागद सुनावणीतच पुढे करणार आहेत, त्यामुळे गुरुवारी अकराला दारात मीच असेन. व्हरांड्याच्या मधोमध उभी राहून पुकारणार आहे, पार रस्त्यावर ऐकू जाईल असं. तिसरा पुकारा माझ्याकडे सात महिने राहिलाय.

मला माफ कर, असं लिहिणार नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही. फक्त ये. त्याच बाकावर बस आणि शेजारची जागा मोकळी ठेव. नाव ऐकलंस की लगेच ओ दे, ताई, मोठ्याने दे. तू क्षणभर जरी थांबलीस, तरी दुसरं कुणीतरी देईल.

दारात हजर,
तुझी धाकटी