गार समुद्राकाठचं बाळंतपण

कामोठे, सोमवार
आई एकवीरेच्या कृपेने

साताऱ्याच्या विहीणबाई वेणूबाई यांना गोजराबाईचा डोक्यावर पदर घेऊन नमस्कार. इकडे माझे गुडघे सोडून सगळे खुशाल. तुमचे कान कसे आहेत? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडलं की मला खोकला येतो, म्हणून पत्र.

माझी नमिता आणि तुमचा शिवतेज आपल्याला पणज्या करणार, या आनंदात मी सोसायटीत दोनदा पेढे वाटले (एकदा विसरून). पण आता घास उतरत नाही बघा. पोरं नोकरीपायी आफ्रिकेत, आणि आफ्रिका म्हणजे ऊन, हे मला कोणी शिकवायला नको, म्हणून बाळंतविड्यात सगळी मलमलची झबली आणि टोपडी भरली. पेटी बोटीने पाठवायला न्हावा शेव्याच्या बंदरात दिली, आणि परवा नमिता मोबाईलवर दिसली ती लोकरीची टोपी घालून! मागे खिडकी नुसती पांढरी. मी किंचाळले, “अगो, घर पेटलंय का?” तर म्हणते, “नाही गं आजी, समुद्राचं धुकं हाय. रोज असतं.”

मग नमिताचा भाऊ दिपेश (बंदरावर बोटींच्या एजंटाच्या ऑफिसात आहे, त्याला सगळं ठाऊक) समजावायला बसला. पोरं राहतात त्या नामिबियाच्या किनाऱ्याला चिकटून म्हणे दक्षिण ध्रुवाकडून गार पाण्याचा प्रवाह वर येतो. मी म्हटलं, “पानी समुद्रात राहील, घरात कशाला शिरंल?” तर म्हणे पाणी नाही, त्याच्यावरची गार हवा शिरते. तिला धुकं जमतं, पाऊस जमत नाही, म्हणून समुद्राला लागून वाळवंट! आम्ही मिठागरावरची माणसं, समुद्रापाशी कोरडं रान कधी बघितलं नाही हो. आणि त्याच आफ्रिकेच्या दुसऱ्या अंगाला गरम पाण्याचा प्रवाह आहे, तिकडे पाऊस आणि नारळीसुद्धा. मग शिवतेजला त्या अंगाला नोकरी नव्हती मिळत? (तुमच्या नातवाला मी नावं ठेवत नाही. पोरगा सोन्यासारखा, फक्त बाजू चुकली.) गार पाण्यात मासळी मात्र रग्गड असते म्हणे, तेवढंच बाळंतिणीचं नशीब.

पण लेकरू मलमलीत कुडकुडणार, म्हणून मी कोणाला न सांगता रिक्षा करून बंदराच्या गेटवर पेटी परत आणायला गेले. वॉचमन म्हणतो, “आजी, कंटेनर कुठला?” मी म्हटलं, “निळा.” आत डोंगराएवढे निळेच. तेवढ्यात दिपेश धावत आला, म्हणाला बोट कधीच गेली, आणि सगळ्या ऑफिसासमोर माझ्यावर ओरडला. मला वाईट नाही वाटलं. बाळाला थंडी वाजेल, याचंच वाटतं.

हौसेराव भावोजींना नमस्कार सांगा. तब्येतीला जपा.

तुमची
गोजराबाई

ता.क. खरं काम राहिलंच. जावळाच्या, कोकराच्या पहिल्या कातरणीच्या, लोकरीची एक मऊ घोंगडी लगेच पाठवा. दिपेशचे साहेब पुढच्या आठवड्यात विमानाने तिकडे जाणार आहेत.

आणखी एक ता.क. तुम्ही पेटीत घालायला अशी घोंगडी आधीच पाठवली होती, ते माझ्या ध्यानात आहे. आफ्रिकेत कशाला, म्हणून बाहेर काढली आणि सहज अंथरून पाहिली. कंबर दुखायची थांबली हो! आता ती मागू नका. उलट एकीच्या जागी दोन पाठवा, मला पांघरायला काही नाही.