कोरड्या चादरी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, धंदा कपडे धुणे व इस्त्री, लग्न होऊन आले तेव्हापासून याच घरात राहणार, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालील असं माणूस अजून जन्माला यायचंय. गुरुवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका," म्हणजे घाबरण्यासारखं आहे. म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. शिक्षण चौथी. अक्षर वाकडं आहे, वाचणाऱ्याने कुरकुर करू नये.

१. दोन वर्षांपूर्वी वकिलाकडून टाइप करून घेतलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी माझ्या वाट्याचं घर चर्चच्या मंडळीला दिलं होतं आणि बदल्यात तिथल्या भिंतीवर संगमरवरी पाटी मागितली होती: "हिने अंथरुणाला खिळलेल्या सासूची नऊ वर्षे सेवा केली." ती पाटी लावायची नाही. कोणी हौसेने करून ठेवली असेल तर फोडा. का, ते चौथ्या कलमात येईल. आत्ता हात धजत नाही.

२. मोठं मशीन, दोन इस्त्र्या, लाकडी टेबल आणि गिऱ्हाइकं, हे सगळं माझ्याकडे इस्त्री करणाऱ्या बाईला. चौदा वर्षं माझ्या शिव्या खात उभी आहे. डावीकडची इस्त्री मधेच जास्त तापते, तिला माहीत आहे. समोरच्या शिंप्याचा काळा कोट माझ्या हातून जळलेला नाही. त्याने तो विषय आता सोडावा.

३. बँकेत जे असेल त्यातून दवाखान्याचं भागवावं, साधी शवपेटी आणावी, उरेल ते त्याच बाईला. पेटीला रेशमी अस्तर नको. ते धुवायला कोण येणार आहे?

४. आता ते.

आमच्या घरात विश्वास ठेवायचं काम थोरल्या जाऊबाईंकडे होतं आणि बाकीची सगळी कामं माझ्याकडे. आम्ही दोघी विधवा, मूलबाळ नाही, त्या मागच्या खोलीत, मी पुढच्या. सासूबाईंचं अर्धं अंग गेलं तेव्हापासून जाऊबाई उशाशी बसून प्रार्थना करायच्या आणि मी पायथ्याकडून चादर ओढायचे. दिवसाला पाच चादरी. जाऊबाई म्हणायच्या, "कामाने कोणी तरत नाही गं, विश्वासाने तरतं." मी म्हणायचे, "मग विश्वासाला सांगा, एकदा मोरीत येऊन बसायला."

परवा रविवारी चर्चमध्ये पाळकांनी तेच सांगितलं, की तारण देवाच्या कृपेने मिळतं, विश्वासाने मिळतं, कर्मांनी विकत घेता येत नाही. तीस वर्षं ऐकते आणि तीस वर्षं माझ्या डोक्यात जातं. घरी आले तर जाऊबाई म्हणाल्या, "गुरुवारचं देवावर सोपव. जरा गुडघे टेक."

मी उशांचे अभ्रे घडी करत होते. म्हटलं, "गुडघे तुम्ही टेका. मला वरती कोणी अडवणार नाही. नऊ वर्षांच्या चादरी आहेत माझ्याकडे. आणि देवाने त्याची पोच दिलीय."

ही पोच काय ते सांगते. कपड्यावरून मला माणूस कळतो. कोण कुठे बसतो, कोणाला घाम जास्त, कोण रडून बाहीला डोळे पुसतो. सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या दुपारनंतरच्या चादरी कोरड्या यायला लागल्या. पाचावरून तीन, तीनावरून दोन. मला वाटलं, देवाने माझे हात पाहिले आणि भार हलका केला. मंडळीसमोर उभी राहून मी तशी साक्षसुद्धा दिली होती. बायका रडल्या होत्या.

जाऊबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, कसली पोच? आई दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या."

"का?"

"तू ओरडायचीस म्हणून. 'पुन्हा भिजवलीत? मी माणूस आहे की मशीन?' असं रोज. मग त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. मला म्हणायच्या, धाकटीला त्रास नको."

अभ्रा माझ्या हातात तसाच राहिला. कानात मशीन फिरल्यासारखं झालं, मशीन तर बंद होतं. मी मोरीच्या कट्ट्यावर बसले. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, मूत्रपिंडं थकली, वय झालं. मी मान डोलावली होती. सासूबाईंचे ओठ फुटायचे आणि मी बोटाने मलम लावायचे. तेही साक्षीत सांगितलं होतं मी! तहानलेल्या बाईच्या ओठांना मलम. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर, तोही मीच घासलेला.

मग मी जाऊबाईंवर धावून गेले. "तुम्हाला माहीत होतं! तुम्ही काय केलंत?"

"मी रोज प्रार्थना केली. तुझं मन मऊ व्हावं म्हणून."

"माझ्या मनाचं राहू द्या! पेला लावायचा त्यांच्या तोंडाला!"

त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाजलं असतं तर चादर मलाच बदलावी लागली असती. मला किळस यायची, गं."

तीस वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदा खरं बोलल्या. मी शिवी गिळली आणि अभ्र्याची घडी पुरी केली.

५. संध्याकाळी मी पाळकांकडे गेले. चप्पलसुद्धा न काढता विचारलं, "आमच्यात कोण तरलं ते सांगा. त्या की मी?"

ते म्हणाले, "तुम्ही दोघी एकमेकींवरच डोळा ठेवून होतात. आईंकडे पाहिलं कोणी?"

"मग ती नऊ वर्षं फुकट?"

"तारण मजुरी नाही, बाई. ते कमवायचं नसतं, घ्यायचं असतं. पण ज्याने ते खरंच घेतलं, तो तहानलेल्यासमोर हात बांधून बसत नाही. हे तुमच्या जाऊबाईंनाही सांगणार आहे."

मी म्हटलं, "मला घेता येत नाही. मी जन्मात कोणाकडून काही घेतलेलं नाही."

"मग तिथूनच सुरुवात करा," म्हणाले, आणि मला बसायला खुर्ची दिली. मी उभीच राहिले. सवय.

सासूबाई तहानलेल्या राहायच्या, हे मला अजून खरं वाटत नाही. दोन दिवस झाले, चादर दिसली की हात लावून बघते, ओली आहे का.

६. माझ्या वाट्याचं घर थोरल्या जाऊबाईंना. फुकट नाही. पुढच्या खोलीत सासूबाईंचा पलंग तसाच ठेवायचा आणि मंडळीतलं कोणी अंथरुणाला खिळलं, बघणारं कोणी नसलं, तर त्याला तिथे आणायचं. प्रार्थना खुशाल करावी, उशाशी बसून मोठ्याने करावी. पण पेला आधी. आणि चादर जाऊबाईंनी स्वतःच्या हाताने बदलायची. किळस आली तर नाक धरून बदलावी, देव नाकाकडे बघत नसेल.

७. सासूबाईंचा निजल्या निजल्या प्यायचा चोचीचा पेला माझ्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. तोही जाऊबाईंना. गुरुवारनंतर मी जगले तर काही दिवस पलंगावरच असेन. तेव्हा तो पेला माझ्या तोंडाला लावायचा. मी नको म्हणेन, त्रास घेऊ नका म्हणेन, ऐकू नये. ओठ मिटले तर थांबावं आणि पुन्हा विचारावं.

८. पुरताना माझ्या कामांबद्दल कोणी एक अक्षर बोलायचं नाही. मी मंडळीसमोर दिलेली साक्ष खोटी होती, एवढं पाळकांनी वाचून दाखवावं. सासूबाईंची माफी मागायची राहिली आहे. ती मलाच वरती मागावी लागेल, आणि तिथे पोचू दिलं तर ते माझ्या चादरींमुळे नसेल, एवढं आता कळतं. याहून जास्त विश्वास माझ्याकडे आज नाही. आहे तेवढा लिहिला.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, असं वकील सांगून गेलाय. म्हणून जाऊबाई आणि इस्त्रीवाली दोघींना दाराबाहेर बसवलं आहे. मंडळीला आता काहीच मिळत नाही, तेव्हा पाळकांची सही चालते. दुसरी सही समोरच्या शिंप्याची. तो आत आला तेच कोटाचं बोलत. हो, कोट मीच जाळला होता. डावीकडच्या इस्त्रीने. झालं समाधान?

सही करायला पेन उचललं तेव्हा दाराबाहेरून जाऊबाईंनी विचारलं, "धाकटे, पाणी देऊ का?" "नको" ओठांवर आलं होतं. मी "द्या" म्हटलं. त्या आत आल्या, पेला पुढे करताना अर्धं पाणी माझ्या पदरावर सांडलं. मी ओरडले नाही. उरलेलं सगळं प्यायले, आणि आता सही करते.

सही: धाकटी सून, कपडे धुणारी

साक्षीदार पहिले: मंडळीचे पाळक
साक्षीदार दुसरे: समोरचा शिंपी (कोटाची कबुली ऐकली)

ठिकाण: पुढची खोली, इस्त्रीचं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार, सहा तारीख, दुपारी चार